फुटबॉलचे डावपेच आणि कोच: आमच्या मैदानावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या मैदानावर सराव सकाळी सहाला सुरू होतो आणि उन्हाळ्यात आठच्या आत ऊन आम्हाला हाकलून लावतं. त्या दोन तासांत पोरं, पोरी, झाडाखाली बसलेले त्यांचे आई-वडील आणि शेजारच्या गावांतले क्रीडाशिक्षक तेच तेच प्रश्न विचारतात. दर वेळी उत्तर देत बसलं की सराव खोळंबतो, म्हणून एकदाचं लिहून काढलं. जिथे उत्तर लांबलंय तिथे विषय माझ्या आवडीचा आहे असं समजा.

डावपेच म्हणजे ४-४-२, ४-३-३ हे आकडेच ना, सर?

शिट्टी वाजायच्या आधी बचावात किती, मध्ये किती आणि पुढे किती जण उभे आहेत, एवढंच ते आकडे सांगतात. पहिला पास झाला की आकडे मोडले.

ज्यांनी केळीच्या बागेत दारं धरलंय त्यांना हे लवकर कळतं. एका वाफ्याचं तोंड माती ओढून बंद केलं की पाणी आपोआप दुसऱ्या वाफ्यात वळतं. मैदानावर समोरचा एक खेळाडू त्याच्या जागेवरून हलला की त्याच्या पाठीमागची जागा उघडी पडते. कोणाला हलवायचं, कसं हलवायचं आणि उघड्या जागेत आपला कोण धावणार, हे आधी ठरवून ठेवणं म्हणजे डावपेच. ठिबक आल्यापासून नव्या पोरांना ही उपमा लागू पडत नाही, ही माझी अडचण आहे.

एक कोच सगळ्या जगाचा खेळ बदलू शकतो का?

एकट्याच्या बळावर नाही. पण सुरुवात एखाद्याच्या डोक्यातून होते आणि त्या डोक्याला बाहेरून कुठून तरी धक्का बसलेला असतो. हर्बर्ट चॅपमन या इंग्रज कोचची गोष्ट सांगतो, कारण सगळं त्या एका गोष्टीत सापडतं.

१९२५ पर्यंत ऑफसाइडचा नियम असा होता की बॉल घेणाऱ्याच्या पुढे समोरच्या संघाचे किमान तीन खेळाडू असायला हवेत, नाहीतर तो ऑफसाइड, म्हणजे खेळ थांबून बॉल समोरच्यांना. बचाव करणाऱ्यांची चंगळच होती. दोन बॅकपैकी, म्हणजे मागे बचाव करणाऱ्या दोघांपैकी, एकाने चार पावलं पुढे टाकली की समोरची अख्खी फळी ऑफसाइड. सामने रटाळ व्हायला लागले तेव्हा त्या तीनाचे दोन केले. इंग्लंडच्या लीगच्या पहिल्या विभागात १९२४-२५ च्या हंगामात १,१९२ गोल झाले होते. पुढच्या हंगामात तेवढ्याच सामन्यांत १,७०३ झाले.

हडर्सफील्ड क्लबाला सलग दोनदा लीग जिंकून देऊन चॅपमन त्याच वर्षी लंडनच्या आर्सेनल क्लबात आले होते. ऑक्टोबरमध्ये न्यूकॅसलने त्यांच्या संघाला ७-० असं धुतलं. संघातला अनुभवी फॉरवर्ड चार्ली बुकन आधीपासून सांगत होता की सेंटर हाफला, म्हणजे मधल्या फळीतल्या मधल्या खेळाडूला, मागे ओढा, दोन बॅकच्या मधोमध उभा करा. चॅपमननी आता ते ऐकलं. दोनच दिवसांनी वेस्ट हॅमला ४-० हरवलं.

इथे बरेच जण गोष्ट संपवतात. खरं काम यापुढचं आहे. सेंटर हाफला मागे घेणारे इतर क्लबही त्या सुमारास होतेच. पण एक माणूस मागे घेतला की मध्ये भोक पडतं, मग ते भरायला पुढचा एक जण खाली आणावा लागतो, मग पुढे माणसं कमी पडतात, म्हणून उरलेले वेगवान लागतात. चॅपमननी ही सगळी साखळी शेवटपर्यंत नेली. मागे हर्बी रॉबर्ट्स फक्त अडवायला, मध्यावर ॲलेक्स जेम्स लांब पास काढायला, कडेला क्लिफ बॅस्टिनसारखा विंगर आत घुसून गोल करायला. कागदावर काढलं तर वर डब्ल्यू आणि खाली एम दिसतो, म्हणून नाव पडलं डब्ल्यू-एम. १९३० ला एफए कप, १९३१ आणि १९३३ ला लीग. जानेवारी १९३४ मध्ये चॅपमन न्यूमोनियाने गेले, तरी १९३४ आणि १९३५ ची लीग आर्सेनलचीच. माणूस गेल्यावरही घडी बसलेली राहिली.

म्हणजे शोध खेळाडूचा आणि नाव कोचचं?

थोडंफार तसंच. पण ७-० हरल्यावर खेळाडूचं म्हणणं ऐकून घेणारे कोच किती असतात ते तालुका स्पर्धेत जाऊन बघा.

आमचा मुलगा सेंटर फॉरवर्ड आहे. तुम्ही त्याला सारखं मागे बोलावता. मग गोल कोण करणार?

हा प्रश्न दर हंगामात किमान दोन वडील विचारतात, तेही जरा घुश्शातच. दादा, २५ नोव्हेंबर १९५३ ला वेम्बलीवर हाच प्रश्न इंग्लंडलाही पडला होता.

हंगेरीचा ९ नंबरचा खेळाडू, म्हणजे सेंटर फॉरवर्ड, नांदोर हिदेगकुटी पुढे थांबेचना. तो मागे, मध्यावर उतरायचा. त्याला पकडायची जबाबदारी इंग्लंडच्या सेंटर हाफची, हॅरी जॉन्स्टनची. जॉन्स्टन त्याच्या मागे गेला तर बचावाच्या मधोमध खिंडार, आणि त्यातून हंगेरीचे पुश्काश आणि कोचिश आत. जागेवर थांबला तर हिदेगकुटी मोकळा. इकडे आड, तिकडे विहीर. हिदेगकुटीने तीन गोल केले आणि हंगेरी ६-३ ने जिंकली. युरोपच्या मुख्य भूमीवरच्या संघाकडून इंग्लंडची घरच्या मैदानावरची ही पहिली हार. पुढच्या मे महिन्यात बुडापेस्टला हंगेरीनेच पुन्हा ७-१ हरवलं.

संघाचे कोच गुस्ताव शेबेश. पण मागे उतरणारा फॉरवर्ड त्याआधी मार्टोन बुकोवी यांनी बुडापेस्टच्या एमटीके क्लबात वापरून बघितला होता. आणि हंगेरीला जमिनीवरून छोटे पास शिकवण्यात जिमी होगन या इंग्रज कोचचा मोठा हात होता, ज्याला त्याच्या स्वतःच्या देशात फारसं कोणी विचारलं नाही. घर की मुर्गी दाल बराबर!

आता २ मे २००९. माद्रिदमध्ये रेआल माद्रिदशी बार्सिलोनाचा सामना. आदल्या संध्याकाळी बार्सिलोनाचे कोच पेप ग्वार्दिओलांनी मेसीला बोलावून व्हिडिओ दाखवला: रेआलचे मधले खेळाडू पुढे धावतात, सेंटर बॅक मागेच राहतात आणि दोन्हींच्या मध्ये ही एवढी जागा रिकामी. दुसऱ्या दिवशी मेसी उजवी कड सोडून मध्ये आला आणि त्या जागेत उभा राहिला. रेआलचे सेंटर बॅक कानावारो आणि मेत्सेल्डर यांच्यापुढे तेच कोडं: जायचं की थांबायचं? बार्सिलोना ६-२ ने जिंकली.

छप्पन्न वर्षांनी तोच प्रश्न, नव्या माणसाकडून, नव्या वेगाने. तेव्हा तुमचा मुलगा मागे आला म्हणून काळजी करू नका. त्याच्या मागे समोरचा कोण येतोय ते बघत चला.

भारतात असा कोच झाला का?

झाला. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शिक्षक, म्हणून सगळे 'रहीम साब' म्हणायचे. अलीकडे त्यांच्यावर हिंदी चित्रपट आला, तेव्हापासून पोरं त्यांचं नाव घेतात. त्याआधी मी सांगायचो तेव्हा जांभया द्यायची.

१९५१ ला दिल्लीच्या आशियाई खेळांत सुवर्ण मिळालं. पण १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ हरवलं. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळत होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले आणि रहीम साहेबांनी संघाची ठेवणच बदलायला घेतली. लांब लांब ड्रिबल मारत सुटणाऱ्या खेळाडूंकडून ते वन-टच पास, म्हणजे बॉल न थांबवता पुढे देणं, घोटून घ्यायचे, कमजोर पायाने खेळायला लावायचे. चार वर्षांनी मेलबर्नला भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं, नेव्हिल डिसूझाचे तीन गोल. ऑलिंपिकमध्ये चौथं स्थान.

मला मात्र जकार्ता, १९६२ जास्त आवडतं. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून २-० हार. थायलंडविरुद्ध डिफेंडर जरनैल सिंगच्या डोक्याला खोक पडली, टाके घालावे लागले. अशा माणसाचं तुम्ही-आम्ही काय करू? घरी पाठवू. रहीम साहेबांनी त्याला सेमीफायनलमध्ये सेंटर फॉरवर्ड म्हणून उभा केला! धिप्पाड गडी, डोक्याला पट्टी, समोरच्यांना अंदाजच येईना. दक्षिण व्हिएतनामविरुद्ध ३-२, त्यात त्याचा गोल. फायनलला पुन्हा दक्षिण कोरिया, स्टेडियममधले प्रेक्षक आपल्या विरोधात. पी. के. बॅनर्जी आणि जरनैल यांच्या गोलांवर आपण २-१ ने जिंकलो.

तेव्हा रहीम साहेबांना कर्करोग झालेला होता. जून १९६३ मध्ये ते गेले. त्यानंतर आशियाई खेळांत फुटबॉलचं सुवर्ण आपल्याला मिळालेलं नाही. माझं मत विचाराल तर, चॅपमन गेल्यावर आर्सेनलची घडी टिकली, तशी आपली टिकली नाही. त्यांचं शिकवणं पुढच्या शंभर कोचपर्यंत पोचायला हवं होतं.

टोटल फुटबॉल म्हणजे कोणीही कुठेही खेळायचं, बरोबर?

बरोबर असतं तर आमचा दहा वर्षांखालचा संघ जगात पहिला असता.

डच कोच रिनुस मिकेल्स यांनी १९६५ ते १९७१ आयाक्स क्लबाला आणि १९७४ च्या वर्ल्ड कपला नेदरलँड्सला जे शिकवलं, त्याचा कणा मैदानाचा आकार हा होता. बॉल आपल्याकडे असला की मैदान फुगवा, कडेचे खेळाडू पार चुन्याच्या रेषेपर्यंत. बॉल गेला की मैदान आवळा, बचावफळी वर चढवा. जागेची अदलाबदल त्याच्या पोटात येते. बॅक पुढे गेला तर त्याच्या ओळीतला दुसरा कोणी तरी मागे उतरलाच पाहिजे. जागा सोडायला परवानगी आहे, रिकामी ठेवायला नाही. १९७१ ला आयाक्सला युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांची मोठी स्पर्धा, मिळाला, १९७४ ची वर्ल्ड कप फायनल पश्चिम जर्मनीकडून २-१ ने गेली. त्यांच्या मैदानावरचा मेंदू योहान क्रायफ. तोच पुढे बार्सिलोनाचा कोच झाला आणि त्याच्या हाताखाली जो सडपातळ मिडफिल्डर खेळायचा तो म्हणजे ग्वार्दिओला. गुरूकडून शिष्याकडे, शिष्याकडून त्याच्या शिष्याकडे. आपल्या गाण्याच्या घराण्यांसारखंच.

प्रेसिंग म्हणजे सगळ्यांनी बॉलच्या मागे धावायचं का?

अजिबात नाही, आणि हा गैरसमज निघायला हवा. प्रेसिंग म्हणजे बॉल समोरच्यांकडे असताना त्यांच्यावर दबाव टाकून तो हिसकावणं. कबड्डी खेळलात ना? चढाई करणारा आत आला की सगळे त्याच्या अंगावर उड्या मारतात का? साखळी हात धरून मागे-पुढे होत राहते, वाट बघते. त्याने बोनससाठी पाय टाकला, तोल गेला किंवा पाठ वळवली, की त्या क्षणी सगळी साखळी एकदम बंद होते. एकटा कोपरा आधी झेपावला तर तो गेलाच, वर त्याच्याबरोबर अजून एखादा.

प्रेसिंग हेच आहे. समोरच्याने बॉल नीट थांबवला नाही, त्याचं तोंड स्वतःच्या गोलकडे आहे, किंवा पास कडेच्या रेषेजवळ गेलाय: ही झाली खूण. खूण दिसली की एक जण बॉलवर, बाकीचे त्याच्या जवळच्या पासांच्या वाटांवर. खूण नसेल तर साखळी धरून थांबायचं. आमच्याकडे त्या वेळी सेंटर बॅक 'थांब भो' असं ओरडतो. तो ओरडला तरी पळणारा एक तरी असतोच.

ही कल्पना फिरली कशी ते गमतीचं आहे. १९६० च्या दशकात कीव्हच्या डायनॅमो संघात कोच व्हिक्तर मास्लोव्ह यांनी ती रुजवली आणि १९६६ ते १९६८ सलग तीनदा सोव्हिएत लीग जिंकली. त्यांनी ज्या विंगरला संघातून काढलं तो लोबानोव्हस्की पुढे त्याच संघाचा कोच झाला आणि त्याने इंजिनिअरच्या डोक्याने खेळाची मोजमापं सुरू केली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा संघ जर्मनीत एका छोट्या क्लबाशी मैत्रीचा सामना खेळला. त्या क्लबात राल्फ रांगनिक हा तरुण खेळाडू-कोच होता. बॉल बाहेर गेला तेव्हा त्याने समोरचे खेळाडू मोजले, कारण त्याला वाटलं हे अकराहून जास्त आहेत! तो माणूस आणि त्याच्या बरोबरीचे काही कोच यांनी पुढे जर्मन फुटबॉलचं वळण बदललं. जर्मन कोच युर्गेन क्लॉप यांचे गुरू वोल्फगांग फ्रँक हे इटलीचे कोच साक्की यांचे भक्त. क्लॉपनी बॉल गेल्या गेल्या परत हिसकावणं हेच शस्त्र केलं आणि डॉर्टमुंडला २०११ आणि २०१२ ला जर्मन लीग जिंकून दिली.

मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत प्रेसिंग जमेल का?

नाही. त्या दिवसांत बॉल आपल्याकडे ठेवा, समोरच्यांना पळवा. पाणी मात्र दर पंधरा मिनिटांनी, तहान नसली तरी.

ऑफसाइड ट्रॅप शिकवा ना, सर. टीव्हीवर किती सोपा दिसतो!

बचावफळीने एकदम पुढे सरकून समोरच्याला ऑफसाइडमध्ये अडकवायचं, हा तो ट्रॅप. शिकवला होता. ऐका.

अर्रिगो साक्की यांनी इटलीच्या मिलान क्लबात १९८७ पासून जे केलं ते वाचून मी भारावलो होतो. पहिल्या फॉरवर्डपासून शेवटच्या बॅकपर्यंत पंचवीस-तीस मीटरच अंतर, सगळा संघ एका दोरीने बांधल्यासारखा सरकणार. सरावात ते बॉलच काढून घ्यायचे आणि 'बॉल आता तिथे आहे' असं ओरडायचे. अकराही जणांनी त्या काल्पनिक बॉलप्रमाणे जागा बदलायच्या. खेळाडूंना पटेना तेव्हा त्यांनी सांगितलं: गोलकीपर आणि चार बॅक एकीकडे, गुलिट, व्हॅन बास्टन हे मोठे खेळाडू धरून दहा जण दुसरीकडे, पंधरा मिनिटांत गोल करून दाखवा. झाला नाही. १९८९ ला रेआल माद्रिदला ५-०, युरोपियन कपच्या फायनलला रोमानियाच्या स्तेआवाला ४-०, १९९० ला पुन्हा तोच कप.

मीही चार पोरांना फक्कीच्या रेषेवर उभं केलं, केळीचे रिकामे कॅरेट समोरच्या संघाच्या जागी मांडले आणि महिनाभर 'वर चला, मागे चला' केलं. शेजारून जाणारे लोक थांबून बघायचे, बॉल कुठाय म्हणून. पोरं खरंच छान सरकायला लागली. मग चौदा वर्षांखालच्या एका स्पर्धेत उतरलो. तिथे रेफरी एकच, रेषेवर झेंडा घेऊन कोणी नाही. आमचे चौघे एका तालात वर चढले, चौघांनी एकदम हात वर केले आणि रेफरी मध्यावरून धापा टाकत येईपर्यंत समोरचा पोरगा गोल करून परतही आला होता. तरी आमची पोरं हात वर करून उभीच. पाच गोल खाल्ले, त्यातले चार असेच. चूक रेफरीची नाही, एकटा माणूस काय काय बघणार? मैदानावर काय आहे, काय नाही हे न बघता मी मिलान आणायला निघालो होतो.

तेव्हापासून चार जणांनी एका ओळीत सरकणं शिकवतो. हात वर करणं शिकवत नाही.

मागे थांबून बचाव करणं म्हणजे भित्रेपणा का?

हेलेनिओ हेरेरा यांच्या, मागे कुलूप लावून बचाव करणाऱ्या इटलीच्या इंटर संघाने १९६४ आणि १९६५ ला युरोपियन कप जिंकला आणि लोक नावं ठेवत राहिले. पण त्याच संघाचा लेफ्ट बॅक फाकेत्ती पुढे धावत जाऊन गोल करायचा, जे त्या काळी बॅकचं कामच समजलं जात नव्हतं. शिव्या देणाऱ्यांना कुलूप दिसलं, मागचं दार दिसलं नाही.

स्वतः मोठा खेळाडू नसेल तर मोठा कोच होता येतं?

साक्की बूट विकायचे, व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलेच नाहीत. त्यांना हिणवलं गेलं तेव्हा ते म्हणाले की जॉकी व्हायला आधी घोडा असावं लागत नाही. मिकेल्स चांगले खेळाडू होते, पण शाळेत व्यायामही शिकवायचे. एक फायदा मला दिसतो: ज्याला उपजत येत नव्हतं त्याला समजावून सांगता येतं.

नियम बदलतो म्हणून डावपेच बदलतात, की डावपेच बदलतात म्हणून नियम?

दोन्ही. १९९० च्या वर्ल्ड कपला सामन्यामागे सरासरी २.२१ गोल झाले, बॅकने बॉल गोलकीपरच्या हातात द्यायचा आणि वेळ काढायचा हा धंदाच झाला होता. १९९२ ला आपल्या खेळाडूने पायाने दिलेला बॉल गोलकीपरने हाताने उचलायला बंदी आली. त्यामुळे पायाने खेळता येणारा गोलकीपर शोधावा लागला. २०१९ पासून गोल किकचा (गोलपाशून खेळ पुन्हा सुरू करायच्या किकचा) बॉल पेनल्टी बॉक्सच्या, म्हणजे गोलसमोरच्या चौकोनाच्या, बाहेर जायची गरज उरली नाही, आणि लगेच कोचनी दोन बॅक बॉक्समध्येच उभे करून समोरच्यांना आत ओढायला सुरुवात केली. आमचा गोलकीपरही हे करायला बघतो. माझा जीव वर-खाली होतो.

मुलींच्या संघाला वेगळे डावपेच लागतात का?

नाही. कोच सरिना विगमन यांनी २०१७ ला नेदरलँड्सला, २०२२ आणि २०२५ ला इंग्लंडला महिलांचा युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, जिंकून दिला. त्यांचे सामने आम्ही मुलांनाही दाखवतो.

तुम्ही स्वतः एखादा नवा डाव शोधलाय का, सर?

मी नाही. आमच्या एका सातवीतल्या मुलीने शोधलाय.

मैदानाच्या पूर्वेच्या कोपऱ्यात पाण्याच्या टाकीची गळती आहे. तिथली माती बारा महिने भुसभुशीत. लांब मारलेला बॉल बाकी सगळीकडे टणटण उड्या मारत रेषेबाहेर जातो, तिथे मात्र चिखलात फसल्यासारखा थांबतो. आम्ही मोठी माणसं तो कोपरा दुरुस्त करा म्हणून वर्षभर अर्ज देत होतो. ही पोरगी मात्र बघत होती की बाहेरून आलेला बॅक बॉल बाहेर जाणार असं समजून वेग कमी करतो, किंवा उलट बॉलच्या पुढे निघून जातो. तिने दोन सामन्यांत दोनदा तिथून बॉल उचलला. नंतर मला म्हणाली, "सर, मी आधीच तिथे जाऊन उभी राहू का?"

मी फक्त एवढंच केलं की सरावात दहा दहा वेळा तो पास घोटून घेतला आणि तिने बॉल उचलला की कोण कुठे धावणार ते ठरवून दिलं. पावसाळ्यापर्यंत चांगलं चाललं. आता शेजारच्या गावचे संघ ओळखून आहेत, ते सुरुवातीपासून एक बॅक त्या कोपऱ्यात उभा करतात. मागच्या रविवारी ती माझ्याजवळ आली आणि बोटाने दाखवलं: तो बॅक जिथून उठून तिकडे गेला होता, ती पेनल्टी बॉक्सच्या तोंडाशी मोकळी पडलेली जागा.